एका ठिपक्याची कैफियत

पुणे,
कार्तिक शुद्ध एकादशी

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मँचेस्टरच्या जुन्या बाजारात किरकोळ सामानाच्या पेटीत तुला मिळालेली ती तीन इंच लांब नि एक इंच रुंद काचपट्टी, तिच्या मधोमध असलेला जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा करडा ठिपका, आणि तोच ठिपका महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शकाखाली धरताच त्यातून उलगडलेल्या बायबलातील दहा आज्ञा, हे सर्व तू इतक्या बारकाईने लिहिले आहेस की वस्तू स्वतः हाताळल्याचे समाधान मला मिळाले. पट्टीवरील चिठ्ठीवर 'जे. बी. डी.' ही आद्याक्षरे आहेत असे तू म्हणतोस, तेव्हा ती जॉन बेंजामिन डान्सर याची कृती आहे असे मानण्यास हरकत दिसत नाही. मात्र तिला तू 'गमतीचे खेळणे' म्हटलेस, तेवढ्यापुरता माझा तुझ्याशी मतभेद आहे; आणि तो सविस्तर मांडल्यावाचून मला राहवणार नाही, कारण ज्या शहरात तू आज राहतोस त्याच शहरात या मनुष्याने आपली सारी कर्तबगारी खर्ची घातली, आणि ज्या दफ्तरखान्यात माझी उभी हयात गेली तेथील मोडी कागदांचे आयुष्य ज्या विद्येने वाढविले तिचा उगम या ठिपक्यात आहे.

डान्सरचा जन्म ८ ऑक्टोबर १८१२ रोजी लंडनमध्ये झाला. आजा यंत्रकार, बाप जोसाया हाही यंत्रकार. १८१८ साली कुटुंब लिव्हरपूलला येऊन स्थिरावले, आणि मुलाचे शिक्षण मुख्यतः बापाच्या हाताखाली, भिंगे घासण्याच्या व पितळ कातण्याच्या कामातच झाले. १८३५ साली बाप वारला तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेल्या या मुलाकडे दुकानाची सारी मदार आली. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, वायुभारमापक असा माल विकून त्याचे पोट सुखाने भरले असते. पण त्या काळी युरोपातील प्रत्येक जिज्ञासू मनुष्याला ज्या विद्युच्छक्तीने झपाटले होते तिने यालाही सोडले नाही, आणि उरलेल्या वेळात तो विद्युद्घट नि तारांची वेटोळी घेऊन बसू लागला.

डॅनियल या रसायनज्ञाने १८३६ मध्ये जो विद्युद्घट सिद्ध केला, त्यात तांब्याच्या बाजूचे द्रावण नि जस्ताच्या बाजूचे द्रावण ही परस्परांत मिसळू नयेत, परंतु त्यांच्यामधून प्रवाह मात्र वाहत राहावा, अशी दुहेरी अट होती, आणि ती पाळण्यासाठी मध्ये बैलाच्या अन्ननलिकेची त्वचा ताणून बसवावी लागे. ही त्वचा सडे, फाटे, आणि प्रयोगाच्या ऐन मध्यावर दगा देई. डान्सरने १८३८ साली तिच्या जागी चकाकी न दिलेल्या भाजक्या मातीचे भांडे बसविले. आपल्या घरचा माठ जसा पाणी धरूनही ठेवतो आणि अंगाने पाझरूही देतो, तसे ते सच्छिद्र भांडे दोन्ही द्रावणांना वेगळे राखून प्रवाहाला वाट देई. त्याच सुमारास प्रेरण-वेटोळ्यासाठी त्याने एक आपोआप चालणारा प्रवाहखंडक केला. त्यात प्रवाह सुरू झाला की विद्युच्चुंबक लोखंडाच्या लहानशा तुकड्याला ओढून घेई; तो ओढला जाताच परिपथ तुटे; परिपथ तुटताच चुंबकाचे बळ ओसरे आणि स्प्रिंगच्या जोराने तुकडा मूळ जागी येऊन प्रवाह पुन्हा जोडी. अशी उघडझाप क्षणाक्षणाला आपसूक होत राही. विजेची घंटा याच तत्त्वावर वाजते. यांपैकी कशाचीही सनद त्याने स्वतःच्या नावे करून घेतली नाही. एखादी युक्ती साधली की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवावी आणि दुसऱ्या कामाला लागावे, असा त्याचा प्रघात दिसतो. त्यामुळे त्याच्या कित्येक शोधांवर पुढे दुसऱ्यांची नावे चढली. मला याचे वाईट वाटते. त्याने त्याची फारशी खंत केलेली दिसत नाही, आणि हे मी त्याच्या मोठेपणात धरतो.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये दागेरची छायाचित्रणाची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली. रुपेरी मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडिनची वाफ धरावी, त्यावर प्रकाशाचे चित्र पाडावे, मग पाऱ्याच्या वाफेने ते दृश्य करावे, अशी ती रीत. बहुतेकांना तिच्यात माणसांच्या तसबिरी दिसल्या. भिंगांत वाढलेल्या डान्सरला मात्र वेगळाच प्रश्न पडला: सूक्ष्मदर्शक लहान वस्तू मोठी करून दाखवितो, तर त्याचेच भिंग उलट्या कामाला लावून मोठी वस्तू लहान का करू नये? दीड इंच नाभ्यंतराचे सूक्ष्मदर्शकाचे भिंग कॅमेऱ्याला बसवून त्याने सुमारे वीस इंच लांबीचा एक लिखित कागद समोर टांगला आणि पत्र्यावर त्याची एकअष्टमांश इंच लांबीची प्रतिमा उतरविली, म्हणजे मूळ लांबी एकशेसाठ पटींनी घटविली. ती प्रतिमा शंभर पटींनी मोठी करून पाहिली असता अक्षर न् अक्षर लागत होते. बाळ, या ठिकाणी माझ्यासारख्या दफ्तरातल्या मनुष्याचा हात लिहिता लिहिता थांबतो: जगातील पहिल्या सूक्ष्म छायाचित्रासाठी या तरुणाने समोर टांगला तो एक लिहिलेला कागद! पुढच्या वर्षी त्याने उलट प्रयोगही केला आणि एका पिसवेचे मोठे केलेले चित्र पत्र्यावर उतरविले. पण पत्र्यावरच्या चित्राची नक्कल निघत नाही, आणि पत्र्यातून प्रकाशही आरपार जात नाही. सबब तो कागदाचा प्रयोग एक दशकाहून अधिक काळ बासनात राहिला.

१८४१ साली अब्राहम नावाच्या व्यावसायिकाशी भागी करून तो मँचेस्टरला आला, आणि काही वर्षांनी ती भागी मोडून क्रॉस स्ट्रीटवर त्याने स्वतःच्या नावाने दुकान चालविले. आल्यावर १८४२ मध्ये एक्स्चेंजच्या इमारतीच्या माथ्यावरून त्याने शहराचे जे छायाचित्र घेतले, ते आज उपलब्ध असलेल्या मँचेस्टरच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत मोडते. सूत गिरण्यांचे ते शहर तेव्हा धुराने काळवंडलेले होते खरे, पण विद्येच्या दृष्टीने ते किती उजळ होते याची कल्पना तुला तेथे राहूनही कदाचित नसेल. अणुसिद्धान्त मांडणारा वृद्ध डाल्टन त्या वेळी हयात होता. विद्युच्चुंबकाचा जनक स्टर्जन तेथे व्याख्याने देत होता. आणि बिअरच्या पिढीजात भट्टीचा व्यवसाय सांभाळणारा जेम्स ज्यूल नावाचा तरुण, कष्टाने म्हणजे गतीने निर्माण होणारी उष्णता मोजून पाहण्याच्या खटाटोपात होता. डान्सरला या मंडळींच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीचे सभासदत्व १८४२ मध्येच मिळाले, आणि त्याचे दुकान हे त्यांचे नित्य येण्याचे ठिकाण झाले.

ज्यूलचे नाव तू शाळेपासून घोकलेले आहेस. म्हणून त्याच्या प्रयोगाची अडचण कोठे होती एवढेच सांगतो. पाण्याच्या पिंपात पितळी वल्ह्यांचे चक्र. त्याला दोरीने जोडलेली, प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची दोन वजने. ती त्रेसष्ट इंच खाली उतरत, पुन्हा वर चढविली जात, आणि असे वीस वेळा झाल्यावर पाण्याची उष्णता वाढे ती किती, तर फॅरनहाइट मापाने अर्ध्या अंशाहून थोडी अधिक! इतक्या अल्प वाढीवरून, गती आणि उष्णता या एकाच शक्तीच्या दोन अवस्था आहेत, असा सिद्धान्त जगापुढे मांडावयाचा, तर लोक पहिली शंका तापमापकावरच घेणार, आणि ती वाजवीच होती. बाजारी तापमापकाचा दोष असा की काचेच्या नळीचे भोक कोठेही एकसारखे नसते. कोठे किंचित रुंद, कोठे अरुंद. आणि नळीवर समान अंतराने रेघा ओढल्या म्हणजे रुंद जागी पारा कमी चढलेला आणि अरुंद जागी अधिक चढलेला भासतो. अर्धा अंश मोजण्यास निघालेल्या मनुष्याला ही तफावत बुडवून टाकण्यास पुरेशी आहे.

१८४४ च्या सुमारास डान्सरने या कामाला हात घातला. नळीत पाऱ्याचा एक आखूड धागा सोडावयाचा. स्क्रूच्या फेऱ्यांनी इकडून तिकडे सरकणारा सूक्ष्मदर्शक तिच्यावर धरून त्या धाग्याची लांबी मोजावयाची. धागा त्याच्याच लांबीइतका पुढे ढकलून पुन्हा मोजावयाची. असे करीत नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावयाचे. पारा तोच, म्हणून त्याचे आकारमान तेच. तेव्हा जेथे धागा आखूड भरेल तेथे भोक रुंद आणि जेथे लांब भरेल तेथे अरुंद, हे निर्विवाद ठरते. मग त्या हिशेबाने रेघा कोठे दाट, कोठे विरळ अशा कोरावयाच्या, की प्रत्येक दोन रेघांमध्ये पाऱ्याचा वाटा अगदी सारखा राहावा. या रेघा इतक्या बारीक नि इतक्या नियमित होत्या की ज्यूलला नुसत्या नजरेच्या सरावाने एका अंशाचा दोनशेवा भाग वाचता येऊ लागला. इंग्लंडात इतके अचूक तापमापक त्यापूर्वी झालेले नव्हते. एक पौंड पाण्याची उष्णता एका अंशाने वाढविण्यास ७७२ फूट-पौंड कार्य लागते, हा जो आकडा ज्यूलने १८५० च्या आपल्या निबंधात दिला, तो आजच्या मोजमापाहून शेकडा एकानेही चुकीचा नाही. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. परंतु आयुष्यभर अस्सल कागद नि बनावट कागद यांची रुजुवात घालीत आलो असल्यामुळे माझी पक्की समजूत झाली आहे की पुरावा ज्या साधनाने वाचला त्या साधनाची खातरजमा करणारा मनुष्य हा निवाड्यातील बरोबरीचा भागीदार असतो. ज्यूलच्या आकड्यात डान्सरचा वाटा आहे तो या नात्याने.

आता तुझ्या पट्टीकडे येतो. १८५१ मध्ये आर्चरने काचेवर कलोडियनचा पातळ पापुद्रा चढवून छायाचित्र घेण्याची रीत काढली, आणि डान्सरला जे हवे होते ते सर्व एकदम मिळाले: पारदर्शक काच, कण न दिसणारा मुलायम थर, आणि एका मूळ पट्टीवरून पाहिजे तितक्या नकला. १८५० साली स्टर्जन दारिद्र्यात वारला होता. हा चांभाराच्या घरचा मुलगा तोफखान्यात शिपाईगिरी करीत विद्या शिकला आणि विद्युच्चुंबक देऊन गेला. त्याच्या स्मरणार्थ कर्कबी लॉन्सडेलच्या देवळात एक शिलापट्ट बसविण्यात आला, आणि त्यावरील ६८० अक्षरांचा सारा मजकूर डान्सरने १८५२ मध्ये काचेवरील एका ठिपक्यात उतरविला. या आरंभीच्या ठिपक्यासाठी त्याने विक्रीला खपेल असे एखादे राजघराण्यातील चित्र न निवडता आपल्या दिवंगत मित्राचा स्मृतिलेख निवडला, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

विक्री पुढे झाली, आणि ती जोरात झाली. राणीची प्रतिमा, पार्लमेंट-सभासद, राफाएलची चित्रे, चलनी नोटा, प्रभूची प्रार्थना, आणि तुझ्याकडच्या दहा आज्ञा, असे विषय वाढत जाऊन १८७३ च्या त्याच्या सूचीत २७७ पट्ट्यांची नोंद झाली. त्या काळी मध्यमवर्गीय इंग्रजांच्या घरोघर सूक्ष्मदर्शक आले होते, आणि संध्याकाळी पाहुण्यांना हे चमत्कार दाखविणे हा त्यांचा आवडता विरंगुळा होता. तेव्हा तुझा शब्द त्या काळच्या ग्राहकांपुरता खराही आहे. परंतु सर डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने त्यातील पुढचे मर्म ओळखले. त्याने या पट्ट्या इटलीत नेऊन पोपला दाखविल्या, आणि १८५७ मध्ये विश्वकोशातील लेखात असे सुचविले की युद्धप्रसंगी सबंध खलिता एका ठिपक्यात लपवून पाठविता येईल. तेरा वर्षांनी प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा दाग्राँ या फ्रेंच छायाचित्रकाराने हजारो संदेश कलोडियनच्या पातळ पापुद्र्यांवर उतरवून कबुतरांच्या पिसाला बांधून शहरात धाडले. तेथे ते पडद्यावर मोठे करून पाडीत आणि कारकून बसून एकेक संदेश उतरवून घेत. वेढ्यात अडकलेल्या माणसांना बाहेरच्या आप्तांची खुशाली कळली ती या ठिपक्यांमुळे.

आणि आमच्या दफ्तरखान्याची गोष्ट तुला ठाऊकच आहे. रुमालात बांधलेले कागद, कोणाच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, कोणाची शाई कागदाला भेदून पाठीमागे उतरलेली. उघडला की घडीवर तुटणारा एखादा वतनाचा महजर. आणि तो पाहावयास येणारे वारसदार नि अभ्यासक, ज्यांना 'नाही' म्हणणेही अन्याय आणि 'हो' म्हणणे म्हणजे कागदाचे मरण. मायक्रोफिल्मची यंत्रे आली आणि हा पेच सुटला. आडव्या मेजावर कागद पसरावयाचा, चारी कोपऱ्यांवर काच टेकवावयाची, दोन्ही बाजूंच्या दिव्यांचा उजेड अक्षरावर सारखा पडतो ना ते पाहावयाचे, आणि वरून कॅमेऱ्याचा खटका दाबावयाचा. की त्या महजराची एवढीशी प्रतिमा फितीवर कायम झाली, आणि मूळ कागद पुन्हा रुमालात विसावला. या कामावर देखरेख करीत असताना ही युक्ती प्रथम कोणाला सुचली असेल या कुतूहलाने मी शोध घेऊ लागलो, आणि तो मला लिव्हरपूलमधील त्या वीस इंची कागदापर्यंत घेऊन गेला. म्हणून म्हणतो, तुझ्या हातातल्या पट्टीला खेळणे म्हणताना थोडा विचार कर.

दोन भिंगांचा, माणसाच्या डोळ्यांप्रमाणे किंचित अंतरावरून दोन चित्रे एकदम घेणारा कॅमेरा डान्सरने १८५३ मध्ये योजला, आणि १८५६ मध्ये त्याची मात्र सनद घेतली. त्याच्या हयातीतील शेवटचे जे मोठे काम मला विशेष वाटते, ते निराळेच आहे. १८६८ साली अँगस स्मिथ या रसायनज्ञाने मँचेस्टरची हवा थोड्याशा पाण्यात वारंवार खळबळून ते पाणी डान्सरकडे तपासणीसाठी दिले. २,४९५ लिटर हवेतील कण त्या पाण्यात उतरले होते, म्हणजे अंगमेहनत करणारा मनुष्य सुमारे दहा तासांत जेवढी हवा छातीत घेईल तेवढ्या हवेतील. डान्सरने थेंब थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन मोजदाद केली आणि त्यात बुरशीसारख्या सजीवांचे साडेतीन कोटींवर, नेमके सांगावयाचे तर तीन कोटी पंचाहत्तर लक्ष बीजाणू असल्याचा अदमास दिला; कापसाचे तंतूही त्याला त्यात आढळले. ज्या गिरण्यांचे मोल त्या शहराने नेहमी पौंडांत केले, त्यांच्या हवेचा हा हिशेब एका दुकानदाराने असा रोखठोक मांडावा, हे मला त्याच्या तापमापकाइतकेच मोलाचे वाटते. नळीचे भोक असो, अक्षर असो वा हवेतला कण असो, जे डोळ्याला निसटते ते भरवशाने मोजता आले पाहिजे, हाच एक ध्यास त्याच्या सगळ्या उद्योगांत आहे.

आणि त्याच डोळ्यांनी त्याला सोडले. काचबिंदू जडला, शस्त्रक्रियांनी गुण आला नाही, १८७८ मध्ये त्याला धंद्यातून निवृत्त व्हावे लागले, आणि २४ नोव्हेंबर १८८७ रोजी त्याचा अंत झाला. त्याच्या मुलींनी पट्ट्यांचा व्यवसाय पुढे चालविला. शेवटी १८९६ मध्ये मूळ काचा लंडनच्या रिचर्ड सूटर याला विकण्यात आल्या, आणि त्यानेही त्यांवरून नव्या नकला काढून विकल्या. तेव्हा पुढे तुला अशा आणखी पट्ट्या मिळाल्या, तर चिठ्ठी कोणाची आहे ते आधी तपास. चित्र डान्सरचे आणि नकल दुसऱ्याची, असे संभवते. पट्टी पाण्याने वा स्पिरिटने पुसू नको. वरची बारीक काच राळेने चिकटविलेली असते आणि ती सुटली की चित्राचा पापुद्राही तिच्यासह जातो. कोरड्या, मऊ कापडाने काचेच्या कडा तेवढ्या झटक.

तुमच्या शहरापासून जवळच सेल येथे ब्रुकलँड्सचे दफनस्थान आहे; डान्सर तेथे आहे, आणि त्याच्या मागून दोन वर्षांनी गेलेला ज्यूलही तेथेच आहे. ज्यूलच्या शिळेवर ७७२.५५ हा आकडा कोरलेला तुला आढळेल. तेथे सवड मिळेल तेव्हा जा. पण त्याआधी शहरातील विज्ञान नि उद्योग यांच्या संग्रहालयात जा, कारण ज्यूलची काही उपकरणे आणि डान्सरच्या वस्तू तेथे जतन केलेल्या आहेत. डान्सरचा एखादा तापमापक मांडलेला दिसला, तर तेथील अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन नळीवरच्या रेघा भिंगाने पाहा, आणि एका अंशात किती रेघा मावल्या आहेत, व त्यांचे अंतर टोकाकडे जाताना कसे बदलत जाते, ते मला सविस्तर लिहून कळव.

घरी सर्व क्षेम आहे. तुझ्या आईची प्रकृती आता बरी आहे. थंडीत स्वतःला जप.

तुझा,
काका